पंचमीची पूजा करा, पण आधी पायात बूट घाला



श्रावण लागला. आडसाली लागणी उरकत आल्यात, भुईमूग-सोयाबीनची भांगलण सुरू आहे, आणि मोबाईलवर नेहमीचे संदेश यायला लागलेत. "साप शेतकऱ्याचा मित्र." "सापाला घाबरू नका, त्याचा आदर करा." चित्रात फणा काढलेला नाग, मागं हिरवंगार रान आणि एक हसरा शेतकरी. त्या शेतकऱ्याच्या पायात काही नसतं. चित्र काढणाऱ्याच्या ते लक्षात येत नसावं. माझ्या येतं.

मला या वाक्याशी भांडायचं आहे. साप मारा असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर अर्धं वाचून कुणीतरी काठी घेऊन निघेल. भांडण आहे ते "मित्र" या शब्दाशी आणि "घाबरू नका" या सल्ल्याशी. मित्र ओळख ठेवतो. सापाला माझी ओळख नाही आणि नको आहे. तो माझ्या उसात आला तो उंदरासाठी, घुशीसाठी आणि बेडकासाठी. माझा पाय त्याच्या अंगावर पडला तर ह्यानं गेल्या वर्षी आपल्याला सोडलं होतं असा विचार तो करणार नाही. आणि घाबरू नका म्हणणाऱ्यानं एकदा आमच्या भोगावती काठच्या फडात रात्री दोन वाजता बॅटरी तोंडात धरून पाणी पाजून दाखवावं. घाबरणं हा शहाणपणाच असतो. वाईट आहे ते भीतीपोटी हातानं केलेलं काम.

आमची आजी भांगलताना गवताच्या चुंबक्यात हात घालायच्या आधी खुरप्याच्या पाठीनं दोनदा जमिनीवर ठोकायची. पेंडी उचलायची तर आधी पायानं सरकवून बघायची, मग उचलायची. तिला सापाची भीती होती, चांगली भक्कम होती. पण आयुष्यात तिनं एक साप मारला नाही आणि तिला एकही चावला नाही. आदर म्हणतात तो मला तिच्या खुरप्याच्या पाठीत दिसतो.

आता आजचं बघा. परवा शेजारच्या बांधावर चार पोरं गोळा झालेली. गेलो तर सहा-सात फुटांची धामण डोकं ठेचून टाकलेली.

"का मारला रं?"

"नाग हुता, दादा."

"नाग न्हवं ही, धामण हाय."

"असू दे की. सापच हाय न्हवं."

हे "सापच हाय न्हवं" आपल्या सगळ्या शिवाराचं सर्पज्ञान आहे. हीच पोरं पंचमीला आईसोबत वारुळावर लाह्या घेऊन जाणार.

धामणीला विष नाही. म्हशीच्या पायाला वेढा घालून ती दूध पिते, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. गोठ्यात कुणी बघितलं विचारलं की प्रत्येकाच्या मामाच्या गावाला कुणीतरी बघितलेलं असतं. सापाला दूध ओढून प्यायला ओठच नाहीत, आणि म्हैस काय उभी राहून पिऊ देणार आहे? गोठ्यात धामण येते ती पेंडीच्या पोत्यामागच्या उंदराला. उंदराच्या बिळात मांजर शिरत नाही, घुबड शिरत नाही. साप शिरतो, थेट पिल्लांपर्यंत जातो. उसाचं कांडं बुडख्याशी कुरतडलेलं दिसलं की आपण विषारी गोळ्या आणतो, पिठात कालवून बिळाबिळात ठेवतो, आणि हेच काम फुकटात करणारं जनावर बांधावर ठेचतो. वर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आहेच. साप मारणं, पकडून ठेवणं, खेळवणं, सगळं गुन्ह्यात बसतं. पण कायद्याच्या धाकानं बांधावरची काठी थांबत नाही, हे मला पण कळतं आणि वनरक्षकाला पण कळतं. ओळख असली तरच ती थांबेल.

ओळखायचं तरी किती? आपल्याकडं माणूस मारणारे म्हणावेत असे मुख्य साप चार. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घाटाकडच्या झाडीत चापडा वगैरे आणखी विषारी आहेत, पण बहुतेक मृत्यू या चौघांच्या नावावर. आता घोळ कुठं होतो बघा. मण्यार काळी-निळसर, तिच्या अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुतेक जोडीजोडीनं. हे पट्टे मानेपाशी नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडं ठळक होत जातात. घरात भिंतीवर सरसर चढणारा कवड्या साप तपकिरी असतो. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होतात. कवड्या बिनविषारी, पाली खातो. दर वर्षी शेकड्यानं कवडे मण्यार समजून मारले जातात. याच्या उलट घोळ घोणशीचा. घोणस जाडजूड, आळशी दिसणारी, पाठीवर साखळीसारख्या बदामी ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज. तिला अजगराचं पिल्लू समजून किंवा डुरक्या समजून हातात उचलणारे महाभाग प्रत्येक तालुक्यात झालेत. बिनविषारी मारायचा आणि विषारी उचलायचा, असा आपला उलटा कारभार.

एक मात्र ठळक लिहितो. ही ओळख न मारण्यासाठी आहे, हात लावण्यासाठी नाही. रात्रीच्या अंधारात पट्टे मोजत बसायचं नाही. ओळख पटली नाही तर विषारीच समजायचा आणि चार पावलं मागं सरायचं. साप धावून येत नाही. त्याला वाट दिली की तो जातो.

हे शिकवता येतं का? येतं, आणि ते आपल्याच जिल्ह्यात झालंय. चंदगड तालुक्यातलं ढोलगरवाडी. डोंगरातलं लहानसं गाव. तिथल्या मामासाहेब लाड विद्यालयात बाबुराव टक्केकर सरांनी गेल्या शतकातच साप हा शिकवायचा विषय केला. पोरांनी साप बघायचा, ओळखायचा, त्याच्याबद्दल घरी जाऊन सांगायचं. नागपंचमीला तिथं लोक वारुळाऐवजी शाळेकडं जायचे, सापाची माहिती ऐकायला. मला या गोष्टीतलं मोठेपण असं वाटतं की हे शहरातल्या कुठल्या संस्थेनं येऊन केलेलं नाही. शेतकऱ्यांच्या पोरांच्या शाळेत, शेतकऱ्यांच्या गावात झालं. दहा वर्षांच्या पोराला कवड्या आणि मण्यारीतला फरक कळला की तो घरात बापाच्या हातातली काठी धरतो. बाप मास्तरचं ऐकत नाही, पुढाऱ्याचं ऐकत नाही, पण पोरानं चार माणसांत "बाबा, ही धामण हाय" म्हटलं की त्याला थांबावं लागतं.

मग मला सांगा, एका गावाला जमलं ते बाकीच्या गावांत का होत नाही? आमच्या शाळेत विज्ञान दिनाला ज्वालामुखी करतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून. कोल्हापूर जिल्ह्यात ज्वालामुखी कुणाला चावत नाही.

आता पंचमीबद्दल. मी पंचमीच्या विरोधात नाही. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचं नाही, विळीवर चिरायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडून खायची. त्यामागची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे, शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिल्लं सापडली ती. कहाणी खरी-खोटी हा मुद्दाच नाही. ज्यानं कुणी ती पहिल्यांदा सांगितली त्याला माहीत होतं की पावसाळ्यात बिळात पाणी शिरतं, साप बाहेर पडतो, आणि आपलं अवजार आणि त्याचं अंग एकाच जागी येतं. वर्षात एक दिवस तरी हात आवर, एवढंच त्यानं सांगितलं. बायका नागाला भाऊ मानून उपास करतात, ते पण मला आवडतं. खटकतं ते वारुळात दूध ओतणं. साप दूध पित नाही. टोपलीतला गारुड्याचा नाग दूध पितो, कारण त्याला कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेला असतो. तहानेला जीव समोर येईल त्यात तोंड घालतो, मग ते त्याला सोसो किंवा न सोसो. आणि पुंगीवर तो डोलतो म्हणतात, तर त्याला बाहेरचा कानच नाही. पुंगी हलते तसा तो तिच्यावर नजर ठेवून हलतो, कारण ती त्याला धोका वाटते. आपण त्याला नाच म्हणतो.

हे म्हटलं की कुणीतरी बत्तीस शिराळ्याचं नाव काढतंच. वारणेपलीकडं, सांगली जिल्ह्यात, पण आपल्या निम्म्या घरांची सोयरीक तिकडं. गोरक्षनाथांनी मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या बाईला जिवंत नागाची पूजा करायला लावली, ही तिथली आख्यायिका. पंचमीआधी रानोमाळ फिरून नाग पकडायचे, गाडग्यात ठेवायचे, पंचमीला अंबामातेला न्यायचे, मग वाजतगाजत मिरवणूक, आणि नंतर जिथला तिथं सोडायचे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2014 पासून जिवंत नागांचा खेळ आणि मिरवणूक थांबली. मग 2025 साली केंद्राच्या वन मंत्रालयानं अभ्यास आणि प्रबोधनासाठी म्हणून, अटी घालून, 21 नाग पकडायला परवानगी दिली. लगेच निवडणुकीतली आश्वासनं, श्रेयाचे फलक, सगळं आलं.

शिराळ्याच्या माणसांना मी हिणवणार नाही. नाग न मारता धरायची त्यांची हातोटी खरी आहे. नाग दिसला की ठेचायचा हे त्या गावात होत नव्हतं, आणि हे आमच्या गावाबद्दल मला म्हणता येत नाही. पण त्याच माणसांना मी विचारतो, तुमच्याकडं पिढ्यान् पिढ्यांचं जे ज्ञान आहे ते गाडग्यात कशाला कोंडता? नाग कुठल्या बिळात राहतो, कधी बाहेर पडतो, अंडी कधी घालतो, हे तुम्हाला जितकं माहीत आहे तितकं विद्यापीठात पण नसेल. ते पोरांना रानात नेऊन लांबून दाखवा की. ज्याला देव म्हणायचं त्याला ऐन पावसाळ्यात, त्याच्या भक्षाच्या दिवसांत, उचलून मडक्यात घालायचं आणि हजारोंच्या गोंगाटात फणा काढायला लावायचा, ह्याला मी आदर म्हणणार नाही. फणा हे त्याच्या भीतीचं लक्षण आहे. तो घाबरलाय आणि आपण हात जोडतोय. परंपरा मोडा असं म्हणत नाही मी. परंपरा पहिली मातीच्या नागाचीच होती, तुमच्याच आख्यायिकेप्रमाणे.

याच्या दुसऱ्या टोकाला नवे सर्पमित्र. सगळे नाहीत. आमच्या भागात दोन पोरं आहेत, रात्री-अपरात्री स्वतःच्या पेट्रोलनं येतात, स्टिकनं साप उचलतात, बरणीत किंवा पिशवीत घालतात, वनखात्याला कळवतात, सोडून येतात. त्यांना मी दंडवत घालतो. पण त्यांच्या शेजारी एक वेगळी जात उगवली आहे. नागाच्या फण्याचं चुंबन, घोणस गळ्यात, वर गाणं. नीलिमकुमार खैरे यांनी 1980 साली पुण्यात 72 विषारी सापांबरोबर 72 तास काचेच्या खोलीत काढले, ते साप विनाकारण चावत नाही हे लोकांना दाखवायला. पुढं 1986 ला कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. आज नागाला नाकाशी धरणारा काय उभं करतोय? तो बघणाऱ्या पोराला सांगतोय की हे सोपं आहे. साप पकडताना दंश होऊन सर्पमित्र गेल्याची बातमी दर पावसाळ्यात वाचतो आपण. सापाची भीती घालवायला निघालेल्यांनी सापाच्या विषाची किंमत पण घालवली. मला ही भीती परत पाहिजे आहे.

कारण विष खरं आहे. आमच्या शिवारातली एक वैनी, चार वर्षांमागं बांधावर वैरण कापत होती. घोणशीनं बोटाला धरलं. सोबतच्या बायकांनी साडीचा काठ फाडून मनगटाला करकचून बांधला. तिथून नेली ती देवऋषाकडं. त्यानं कडुलिंबाचा पाला चघळायला दिला, कडू लागतोय म्हटल्यावर "विष चढलं न्हाई" असा निकाल दिला. दोन-तीन तास असे गेले. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा गाडी काढली. वाचली, देवाची कृपा म्हणा की डॉक्टरांची. पण मूत्रपिंडं बसली, किती दिवस डायलिसिसवर होती, आणि बोट गेलं. त्या वर्षी त्यांनी म्हैस विकली आणि वीस गुंठे गहाण टाकले. आजही तिचा नवरा सांगतो, देवऋषानं थोपवून धरलं म्हणून वाचली.

देवऋषी "बरं" कसं करतो हे समजून घ्या, म्हणजे राग पण येणार नाही. चावणाऱ्या सापांत बिनविषारी जास्त. विषारी चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही, त्याला कोरडा दंश म्हणतात. म्हणजे दहा माणसं मंत्रावाल्याकडं गेली तर त्यातली बरीचशी काही न करता बरी होणारीच असतात. ती सगळी त्याच्या खात्यावर जमा. आणि जी जातात ती नशिबाच्या खात्यावर. असा हिशोब मला सोसायटीत मिळाला असता तर मी आज चेअरमन असतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय, की साप, विंचू, कुत्रं चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. नरेंद्र दाभोलकरांचा जीव गेल्यावर आलेला कायदा आहे तो. किती गावांत ग्रामपंचायतीच्या फलकावर एवढी एक ओळ लावलीय?

दंश झाल्यावर काय करायचं हे साधं आहे, आणि न करायचंच जास्त आहे. करकचून बांधायचं नाही, बोट-हात त्यानंच सडतो. चिरायचं नाही, चोखायचं नाही, मिरची चारायची नाही, जखमेवर कोंबडी धरायची नाही. बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज आल्यावर ती कापावी लागतात. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, फळीला सैल बांधा. माणसाला चालवू नका. 108 ला फोन, नाहीतर मोटरसायकलवर मधे बसवून, मागं एकानं धरून, थेट दवाखाना. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडची प्रतिविषाची लस वर सांगितलेल्या चारही सापांवर एकच चालते, आणि मेलेल्या सापाचं डोकं पण चावू शकतं. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर राहू दे.

दवाखान्यात लगेच लस टोचली नाही म्हणून डॉक्टरच्या अंगावर जाणारे नातेवाईक मी बघितलेत. त्यांना एक सांगतो. डॉक्टर थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. साकळलं नाही तर घोणस-फुरशाचं विष चढलंय. पापण्या जड होतात का, गिळता येतं का, हे बघतात, ते नाग-मण्यारीसाठी. लक्षणं दिसली की लस. ती घोड्याच्या रक्तापासून करतात, तिचीही रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून विष नसताना देत नाहीत. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी वर्षानुवर्षं सर्पदंशाची माणसं वाचवलीत ती या वेळेच्या हिशोबावर. औषध तेच, मंत्र एकच, लवकर या.

मण्यारीबद्दल वेगळं लिहायला पाहिजे, कारण ती फसवते. रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दात इतके बारीक की खूण दिसत नाही, दुखत नाही, सूज नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय, घशात काहीतरी अडकतंय म्हणतो. घरचे पित्त म्हणतात. उजाडेपर्यंत पापण्या मिटायला लागतात, श्वास अडतो. उपाय काय? बाज, आणि गादीखाली कडा खोचलेली मच्छरदाणी. इतकंच. आता आमच्या फडावर दर दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या येतात. पाचटाच्या खोपी, भुईवर झोपणं, शेजारी लहान लेकरं, सगळीकडं उंदीर. त्या लेकरांना "सापाचा आदर करा" सांगायला कोण जाणार आहे? कारखान्यांनी खोपीमागं एक बाज, एक मच्छरदाणी आणि एक सौर दिवा दिला तर टनाला किती पैसे पडतील, हे कुणीतरी वार्षिक सभेत विचारा. मी दोनदा विचारलंय. वेळ संपली म्हणाले.

आकडे पण सांगतो, कारण आकड्याशिवाय वरचे लोक ऐकत नाहीत. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेल्याचं मांडलंय. वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे आपल्या भांगलणीच्या, लावणीच्या दिवसांत. त्यातले 70 टक्के मृत्यू आठ राज्यांतले, त्यांत महाराष्ट्र नाही. आपल्याकडं रस्ते, दवाखाने, लस बरी आहे म्हणून असेल. पण म्हणून निवांत बसायचं का? जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 ला सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. केंद्रानं 2024 ला 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा काढला. आराखडा मी वाचला. प्रशिक्षण, नोंदी, लस, सगळं आहे. शेतीच्या लाईटच्या वेळापत्रकाचा मुद्दा मला त्यात सापडला नाही.

आणि खरी गोम तिथं आहे. साप संध्याकाळनंतर हिंडतो. घोणस आणि मण्यार तर रात्रीचीच. आणि आपली पाळी? आठवड्यातले काही दिवस रात्री. सरीत पाणी फोडायचं, दारं धरायची, पाचटातनं चालायचं. पाचट न जाळता रानात कुजवा म्हणतात, बरोबर आहे, मी पण कुजवतो. जमीन सुधारते. पण त्याच आच्छादनाखाली उंदीर, उंदरामागं साप, आणि त्यावर रात्री दोन वाजता अनवाणी शेतकरी. ही भेट सापानं ठरवलेली नाही आणि मी पण नाही. ती वेळापत्रकानं ठरवली. 2022 च्या फेब्रुवारीत राजू शेट्टींनी कोल्हापुरात दिवसा दहा तास वीज मागत ठिय्या मारला होता, तेव्हा कित्येक शहाण्यांना ते राजकारण वाटलं. त्यात राजकारण असेलही. पण दिवसा लाईट ही कोल्हापूर जिल्ह्यातली सगळ्यात मोठी सर्पसंरक्षण मोहीम ठरली असती. दिवसा पाणी पाजणाऱ्याला साप दिसतो. दिसला की माणूस थांबतो, साप जातो, दोघं वाचतात. सौर वाहिनीची योजना आली आहे, काही भागात दिवसा वीज मिळते पण. आमच्या फीडरला अजून "लवकरच" आहे.

साप चावून शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून वारसाला दोन लाख मिळतात. मिळायलाच पाहिजेत. पण गुडघ्यापर्यंतचा गमबूट चार-पाचशे रुपयांत येतो आणि बरेच दंश पायाला होतात. मेल्यावर दोन लाख देणाऱ्या व्यवस्थेला जिवंतपणी पाचशेचा बूट द्यायला कुठली समिती नेमावी लागते? आणि सातबारा नसलेली, रोजानं भांगलायला येणारी बाई त्या दोन लाखांत पण बसत नाही. ती तर सगळ्यात खाली, जमिनीशी, हातानं काम करते.

बूट घालून भांगलता येत नाही, चिखलात अडकतात, हे मला पण माहीत आहे. भाताच्या खाचरात तर नाहीच. पण वैरण कापताना, रात्री पाणी पाजताना, पाचट गोळा करताना घालता येतात. माझ्याकडं कामाला येणाऱ्या बायकांसाठी मी यंदा चार जोड आणि जाड हातमोजे आणून खोपाटात ठेवलेत. पहिल्या दिवशी हसल्या. "दादा, आमास्नी पोलीस केलासा व्हय," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी एकीनं स्वतःहून मागून घेतले, कारण तिच्या पुढच्या सरीत दिवड निघाली. दिवड बिनविषारी, पण चावरी. तिला जाऊ दिली सगळ्यांनी. कुणी काठी मागितली नाही.

ग्रामसभा पंधरा ऑगस्टला आहे. मी लेखी दिलंय की शाळेत श्रावणातला एक दिवस सापाच्या ओळखीचा ठेवा, फलकावर 108 आणि जवळच्या लस असलेल्या दवाखान्याचं नाव लिहा, आणि आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती बाटल्या शिल्लक आहेत हे दर महिन्याला वाचून दाखवा. सुरुवातीलाच दहा बाटल्या लागू शकतात, आणि लहान पोराला पण मोठ्याएवढीच लागते, कारण साप पोर बघून कमी विष सोडत नाही. तुमच्या केंद्रात किती आहेत ते पंचमीच्या आधी जाऊन विचारा. आकडा इथं कळवा, गावाच्या नावासकट. मी गाववार यादी करून ठेवतो.